टीटीके चित्रा हृदयझडप : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

कृत्रिम हृदयझडप कोणालाही दुकानात जाऊन, हाताळून, दोन-चार नमुने पारखून घेता येत नाही. बहुतेक कुटुंबांची तिच्याशी पहिली ओळख शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी, संमतिपत्रावर सही करताना होते. त्या वेळी ‘देशी झडप घालायची की इम्पोर्टेड’ असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर द्यायला लागणारी माहिती, वेळ आणि मनःस्थिती यांपैकी काहीच हाताशी नसते. माझ्या थोरल्या बहिणीच्या हृदयात टीटीके चित्रा ही भारतीय बनावटीची झडप बसवून आता बरीच वर्षे झाली आहेत. पुण्यातील ओळखीपाळखीच्या लोकांकडून अजूनही याविषयी फोन येतात आणि प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगावे लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. वस्तू म्हणून ही झडप अतिशय विचारपूर्वक घडवलेली आहे आणि ज्या रुग्णासाठी ती घडवली त्याची परिस्थिती तिच्या रचनेत पदोपदी दिसते. मात्र झडप बसवल्यानंतर आयुष्यभर जे औषध आणि ज्या तपासण्या सांभाळाव्या लागतात, त्यांचा विचार आपल्या शहरात तेवढ्या काळजीने झालेला नाही, आणि झडपेचा अनुभव कसा येतो हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

ताईचा आजार तिच्या लहानपणी, भोर तालुक्यातील आमच्या गावी सुरू झाला असणार. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा धरतो, काही आठवड्यांनी ताप येतो, सूज एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकत जाते आणि नंतर सगळे आपोआप बरे झाल्यासारखे वाटते. काही मुलांमध्ये या संसर्गाविरुद्ध जागी झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते; सांधे सावरतात, पण झडपांची पाती वर्षानुवर्षे जाड, कडक आणि एकमेकींना चिकटलेली होत जातात. डॉक्टर याला ऱ्हुमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात. ताप वेळीच ओळखला गेला तर पुढची अनेक वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊन झडपांचे पुढचे नुकसान टाळता येते. आमच्या गावात तेव्हा ते कोणी ओळखले नाही. दुसऱ्या बाळंतपणात ताईला जिना चढताना धाप लागू लागली आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर तिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, फार आकसल्याचे कळले.

सुरुवातीची काही वर्षे तिला फुग्याच्या उपचाराने आराम मिळाला. जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्या टोकाचा फुगा आकसलेल्या झडपेत फुगवायचा आणि चिकटलेली पाती सुटी करायची, ही पद्धत जपानचे शल्यविशारद कांजी इनोवे यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. छाती न उघडता होणारा हा उपचार भारतातील हजारो तरुण रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, उपयोगी पडला आहे. पण झडपेत चुना साचला, ती गळू लागली, की फुगा पुरत नाही. ताईच्या बाबतीत तसेच झाले आणि झडप बदलण्यावाचून पर्याय उरला नाही.

आता मुख्य वस्तूकडे वळतो. मायट्रल जागी बसवायची झडप साधारणपणे दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या व्यासाची असते. तिचे भाग तीनच आहेत. पहिला भाग म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम, निकेल आणि टंगस्टन यांच्या हेन्स-२५ नावाच्या मिश्रधातूची कडी. तिच्यातून चकतीला आधार देणारे छोटे धातूचे हात आत आलेले असतात, आणि कडी व हे हात एकाच अखंड तुकड्यातून कोरून काढलेले असतात. दुसरा भाग म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची पातळ चकती. कृत्रिम गुडघ्यात आणि खुब्यात घर्षण सोसण्यासाठी जे प्लास्टिक वापरतात, त्याच जातीचे हे प्लास्टिक आहे. तिसरा भाग म्हणजे कडीभोवती गुंडाळलेले पॉलिएस्टरचे विणलेले कापड. शल्यविशारद त्यातून टाके घालतात आणि पुढे शरीराची ऊती त्यात वाढून झडप जागी पक्की धरली जाते. रक्ताचा रेटा आला की चकती तिरकी होऊन उघडते, रेटा उलटला की मिटते. उघडझाप होताना ती स्वतःभोवती हळूहळू फिरतही राहते, त्यामुळे झीज एकाच ठिकाणी होत नाही. टाके घालून झाल्यावरसुद्धा कापडी वेटोळ्याच्या आत धातूची कडी फिरवता येते. म्हणजे चकती हृदयाच्या भिंतीला किंवा मूळ झडपेची पाती धरणाऱ्या, मागे उरलेल्या दोरांना अडत असेल, तर टाके न उसवता तिची दिशा बदलता येते. ऑपरेशन टेबलावर असलेल्या माणसासाठी ही सोय किती मोलाची आहे, हे आम्हाला शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितले तेव्हा उमगले.

हृदय मिनिटाला सत्तर ठोके देते असे धरले, तर वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा ही चकती उघडते आणि मिटते. तेल-पाणी नाही, दुरुस्ती नाही, सुट्टी नाही. शिवाय भोवती खारट, उबदार, सतत ढवळले जाणारे रक्त असते आणि परक्या पृष्ठभागाला स्पर्श होताच गोठण्याचा त्याचा स्वभाव असतो. ही अट पुरी करणारी वस्तू शोधणे किती कठीण होते हे समजले, की साध्या दिसणाऱ्या या तीन भागांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

ही झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल सायन्सेस अँड टेक्नॉलॉजी या संस्थेत तयार झाली. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या वास्तूंत उभ्या राहिलेल्या या संस्थेला १९८० मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. संस्थेचे पहिले संचालक डॉ. एम. एस. वलियाथन हे स्वतः हृदय शल्यविशारद होते. अमेरिकेत शिकून परतल्यावर त्यांना दिसले, की झडप खराब झालेले तरुण रुग्ण रांगेत आहेत, शस्त्रक्रिया करणारे हात आहेत, पण परदेशी झडपेची किंमत त्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून रुग्णालय आणि यंत्रशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली आणण्याचा निर्णय झाला. पूजापुरा येथील सॅटेलमंड राजवाड्यात संस्थेचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग सुरू झाला आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारख्या अभियंत्यांनी झडपेचे काम हाती घेतले. याच संस्थेने रक्तपेढ्यांतील काचेच्या बाटल्यांची जागा घेणारी प्लास्टिकची रक्तपिशवीही भारतात आणली, हे जाता जाता सांगायला हवे, कारण रक्त दिलेल्या अनेकांच्या हाताशी ती येऊन गेलेली असते.

झडपेचे पहिले तीन नमुने फसले. पहिल्यात जोडकाम केलेल्या ठिकाणी धातू तुटला. दुसऱ्यात टायटॅनियमची कडी चकतीच्या घर्षणाने झिजली. तिसऱ्यात कृत्रिम नीलमण्याची अत्यंत कठीण चकती घेतली. प्रयोगशाळेतील चाचण्या ती पार करून गेली, पण मेंढीच्या हृदयात बसवल्यावर काही महिन्यांनी चकती फुटली आणि मेंढी दगावली. इथपर्यंत बरीच वर्षे आणि पैसे खर्ची पडले होते, तरीही काम थांबले नाही. चौथ्या नमुन्यात नीलमण्याच्या जागी प्लास्टिकची चकती आली. कठीण वस्तूवर कठीण वस्तू घासण्याऐवजी, कठीण धातूच्या जोडीला थोडी मऊ, धक्का पचवणारी चकती ठेवण्याचा हा विचार मला या सगळ्या शोधातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवण्यात आली. त्यानंतर देशातील सहा केंद्रांमध्ये ३०६ रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी झाली. पुढे टीटीके हेल्थकेअर या कंपनीने तिरुवनंतपुरमजवळ तिचे उत्पादन सुरू केले आणि आजवर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवण्यात आली आहे. डॉ. वलियाथन १७ जुलै २०२४ रोजी गेले, तेव्हा ताईने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला होता.

जोडकामाचा मुद्दा थोडा अधिक सांगण्यासारखा आहे, कारण ‘इम्पोर्टेड म्हणजे निर्धोक’ हे आपल्याकडचे गृहीतक त्याने तपासून घेता येते. तिरप्या चकतीच्या झडपा रूढ करणाऱ्या ब्योर्क-शायली या परदेशी झडपेच्या एका सुधारित आवृत्तीत चकती धरून ठेवणारा एक हात कडीला जोडकामाने बसवलेला होता. काही रुग्णांमध्ये तो हात तुटला, चकती निसटून रक्तप्रवाहाबरोबर वाहून गेली आणि अनेकांचे प्राण गेले. सुमारे ८६,००० रुग्णांना ती आवृत्ती बसवली गेल्यावर १९८६ मध्ये तिची विक्री बंद झाली. चित्रा झडपेची कडी अखंड तुकड्यातून कोरलेली आहे, तिच्यात जोड नाही. हे मी परदेशी झडपांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. झडपेच्या शोधाची सगळी परंपराच परदेशात घडली आहे: चार्ल्स हफनेगल यांनी १९५२ मध्ये महाधमनीत बसवलेली चेंडूची झडप, १९६० मधली स्टार आणि एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातील चेंडूची झडप, १९७७ मध्ये आलेली सेंट ज्यूड कंपनीची दोन पात्यांची झडप. यांतील प्रत्येकीने पुढच्या शोधकांना काही शिकवले. चित्रा झडप त्याच परंपरेतील आहे. ती स्वस्त नक्कल आहे असे समजून तिच्याकडे पाहणाऱ्यांना तिचा इतिहास ठाऊक नसतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

परदेशी दोन-पाती झडपेशी तुलना केली तर काय दिसते? दोन पात्यांची झडप पायरोलिटिक कार्बनची असते, तिच्यातून रक्ताला वाट अधिक मोकळी मिळते, आणि महाधमनीच्या मुखाशी जागा लहान असेल तर अनेक शल्यविशारद तिलाच पसंती देतात. तिचा आणखी एक फायदा असा, की रक्ताची गुठळी होऊन एक पाते अडकले तरी दुसरे काही काळ चालू राहते. चित्रा झडपेत चकती एकच आहे. ती अडकली तर संकट अचानक आणि मोठे येते. हा धोका कोणी आमच्यापासून लपवला नाही, आणि कोणत्याही कुटुंबापासून लपवला जाऊ नये. दुसऱ्या पारड्यात किंमत आहे, वर्षानुवर्षांचा भारतीय रुग्णांवरील अनुभव आहे आणि मायट्रल जागी, जिथे जागा पुरेशी मोठी असते, तिथे समाधानकारक काम आहे. ताईच्या प्रत्येक टूडी इकोमध्ये झडपेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तदाबातला फरक अपेक्षित मर्यादेत आला आहे. ती घरची सगळी कामे करते, सिंहगडावर चढत नसली तरी पर्वतीच्या पायऱ्या थांबत थांबत चढते.

आवाजाबद्दल लोक नेहमी विचारतात. धातू आणि कार्बनच्या झडपांचा टकटक आवाज शांत खोलीत शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येतो आणि काही रुग्णांची झोप त्याने उडते. प्लास्टिकच्या चकतीमुळे चित्रा झडपेचा आवाज बराच मृदू आहे. ताईला तो रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावरच जाणवतो, आम्हाला जाणवत नाही. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. रुग्णाने नेहमीच्या आवाजाशी परिचित असणे ही एक सुरक्षा असते, कारण तो आवाज एकाएकी दबका झाला किंवा थांबला आणि सोबत धाप लागली, तर चकतीवर गुठळी झाल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठायचे असते. आवाज मुळातच मंद असेल तर हा बदल लक्षात येणे अवघड होते. म्हणून ताई आठवड्यातून एखाद्या रात्री, सगळे निजल्यावर, मुद्दाम लक्ष देऊन तो ऐकते. ही सवय तिला एका अनुभवी परिचारिकेने लावली आणि मी ती प्रत्येकाला सुचवतो.

एमआरआयची भीतीही पुष्कळांना वाटते. हेन्स-२५ हा धातू चुंबकाला ओढला जात नाही आणि या झडपेसह एमआरआय करता येतो; फक्त तपासणी करणाऱ्याला आधी झडपेचे कार्ड दाखवावे.

आता ज्या गोष्टीने आमची खरी परीक्षा घेतली तिच्याकडे येतो. कोणतीही यांत्रिक झडप, म्हणजे धातू, प्लास्टिक किंवा कार्बनची, देशी असो वा परदेशी, बसवली की रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. पुण्यात बहुतेकांना अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फ दिली जाते. अलीकडे बाजारात आलेली, तपासणीची कटकट नसलेली नवी रक्त पातळ करणारी औषधे यांत्रिक झडपेच्या रुग्णांसाठी नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या औषधाची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मुदतीआधीच थांबवावी लागली होती. कोणी नातेवाईक किंवा औषधविक्रेता ‘आता नवीन गोळी आली आहे, तपासणी लागत नाही’ असे सांगू लागला, तर झडपेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी अजिबात बदलू नये.

जुन्या गोळीचा परिणाम पीटी-आयएनआर या रक्ततपासणीने मोजतात. निरोगी माणसाचा आयएनआर सुमारे १ असतो. मायट्रल जागी यांत्रिक झडप असलेल्या रुग्णाचा तो साधारणपणे २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवतात. त्याहून खाली गेला तर झडपेवर गुठळी होण्याची भीती, फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होण्याची भीती. हा अरुंद पट्टा सांभाळणे म्हणजेच झडप सांभाळणे आहे, आणि तो पट्टा रोजच्या ताटाशी जोडलेला आहे. मेथी, पालक, चाकवत, अळू या हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते गोळीच्या विरोधात काम करते. हिवाळ्यात मंडईत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की ताईचा आयएनआर घसरायचा; श्रावणात उपवासांमुळे भाजीच बंद झाली की वर जायचा; पितृपक्षात अळूची भाजी झाली की पुन्हा खाली. सुरुवातीला एका डॉक्टरांनी पालेभाज्या पूर्ण बंद करायला सांगितल्या, दुसऱ्यांनी समजावले की बंद करू नका, दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खा आणि गोळीचा डोस त्या आहाराला धरून ठरवू द्या. दुसरा सल्ला योग्य होता. तेव्हापासून आमच्या घरी पालेभाजीचे वार ठरलेले आहेत आणि सणावाराला त्यात फार फरक पडू दिला जात नाही.

भाजीपेक्षाही धोकादायक गोष्टी म्हणजे न विचारता घेतलेली औषधे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, काही प्रतिजैविके, आणि ‘साइड इफेक्ट नाही’ असे सांगून दिली जाणारी चूर्णे व काढे, यांतील पुष्कळ गोष्टी आयएनआर हलवतात किंवा रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ताईची दाढ काढायची होती तेव्हा एका दंतवैद्यांनी तपासणी न करता आठवडाभर रक्त पातळ करणारी गोळी बंद ठेवायला सांगितले. सुदैवाने तिने आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारले. त्यांनी गोळी बंद न करता आयएनआर पाहून, आधी प्रतिजैविक देऊन, दाढ काढण्याची व्यवस्था दुसऱ्या ठिकाणी लावून दिली. कृत्रिम झडपेवर जंतू बसले तर तो संसर्ग जीवघेणा ठरू शकतो, म्हणून दातांच्या कामापूर्वीचे प्रतिजैविक आणि एरवीची दातांची स्वच्छता या दोन्ही गोष्टी या झडपेच्या देखभालीचा भाग आहेत.

पुण्यात पीटी-आयएनआर जवळजवळ प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात होते. प्रश्न उपलब्धतेचा नाही. प्रश्न असा आहे, की रक्त एका ठिकाणी, अहवाल दुसऱ्या ठिकाणी आणि डोस बदलण्याचा निर्णय तिसऱ्या ठिकाणी होतो. सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल संध्याकाळी मोबाइलवर येतो, गोळी संध्याकाळीच घ्यायची असते, आणि त्या वेळी ‘आज किती घेऊ’ हे सांगणारे कोणी फोनवर मिळेलच असे नाही. नमुना घेताना नळीत रक्त ठरल्यापेक्षा कमी भरले, तरी आकडा चुकतो. आमच्या भागातील एका प्रयोगशाळेने एकदा असा भलताच वाढलेला आकडा दिला. डॉक्टरांनी घाईने डोस न बदलता दुसरीकडे पुन्हा तपासायला सांगितले, म्हणून पुढचा घोळ टळला. त्या अनुभवानंतर आम्ही एकच प्रयोगशाळा धरून आहोत. बोटावर टोचून घरीच आयएनआर मोजण्याचे यंत्र मिळते, परंतु त्याच्या पट्ट्या महाग असल्याने ते बहुतेक कुटुंबांना झेपत नाही. ज्या देशाने झडपेची किंमत खाली आणली, त्या देशात या पट्टीची किंमत खाली आणणारे संशोधन व्हायला हवे असे मला फार मनापासून वाटते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात व्हेंचर सेंटरसारखी नवउद्योगांना जागा आणि उपकरणे देणारी संस्था आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. वलियाथन यांनी तिरुवनंतपुरमला जे एकत्र आणले, ते पुण्यात मुळातच शेजारी-शेजारी आहे.

खर्चाविषयी. पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात ताईची शस्त्रक्रिया झाली. झडपेची किंमत एकूण बिलाचा एक भाग असते. हृदय-फुफ्फुस यंत्राचे साहित्य, अतिदक्षता विभाग आणि रक्त यांचा खर्च वेगळा असतो, त्यामुळे केवळ झडप स्वस्त घेतल्याने बिल अर्धे होईल असे समजू नये. तरीही परदेशी झडपेशी असलेला किमतीतला फरक आमच्यासारख्या कुटुंबाला स्पष्ट जाणवणारा होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी शिधापत्रिका, आधार आणि टूडी इकोचा अहवाल घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे, नंतर कागदपत्रे जमवण्यात अमूल्य दिवस जातात.

ही झडप कोणासाठी योग्य नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. ज्या तरुणीला पुढे मूल हवे आहे, तिने आणि तिच्या घरच्यांनी शस्त्रक्रियेआधीच हा विषय डॉक्टरांकडे मोकळेपणाने काढावा, कारण रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या गर्भापर्यंत पोहोचतात आणि पहिल्या काही महिन्यांत बाळाला अपाय करू शकतात. अशा वेळी प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेचा विचार होतो. तिला आयुष्यभर गोळी लागत नाही, मात्र तरुण वयात ती लवकर खराब होते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. कोणता धोका पत्करायचा हे त्या स्त्रीला विचारून ठरले पाहिजे. आपल्याकडे हा निर्णय बरेचदा सासरे आणि दीर घेतात, हे मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात पाहिले आहे. ज्याला नियमित तपासणी करणे शक्यच नाही, दुर्गम वस्तीत राहतो किंवा गोळ्या विसरतो, त्याच्यासाठीही यांत्रिक झडप धोक्याची आहे. वयस्कर रुग्णाची महाधमनीची झडप आकसली असेल, तर २००२ मध्ये फ्रान्सचे आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसात वापरलेल्या, जांघेतून नळीने बसवायच्या झडपेबद्दल जरूर विचारावे. ती मात्र ऱ्हुमॅटिक मायट्रल आजाराचे सर्वसाधारण उत्तर नाही, त्यामुळे ‘छाती न उघडता करा’ असा आग्रह ताईसारख्या रुग्णाबाबत धरू नये.

ज्याचे वय मधले आहे, मायट्रल झडप पूर्ण खराब झाली आहे, घरात गोळी आणि तपासणी सांभाळणारे एक तरी माणूस आहे आणि शहरात प्रयोगशाळा जवळ आहे, अशा रुग्णाला ही झडप सुचवली गेली असेल, तर केवळ ती भारतीय आहे म्हणून शंका घेऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी पुढील गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात: माझ्या जागेच्या मापाला एक चकतीची झडप पुरेशी आहे का, आयएनआर किती ठेवायचा, अहवाल आल्यावर संध्याकाळी डोस कोण सांगणार, आणि त्या व्यक्तीचा फोन लागला नाही तर दुसरा क्रमांक कोणता. घरी सोडताना झडपेचा प्रकार, माप आणि अनुक्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्यावे, त्याचे छायाचित्र घरातील सर्वांच्या मोबाइलमध्ये ठेवावे आणि मूळ कार्ड रुग्णाच्या पाकिटात असावे. पुण्यात दुचाकीवरून फिरणाऱ्या झडपेच्या रुग्णाने हेल्मेट कधीही टाळू नये, कारण रक्त पातळ असताना डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारसुद्धा आत रक्तस्राव करू शकतो. असे काही झाले तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन हे कार्ड सर्वांत आधी डॉक्टरांच्या हातात द्यावे.